कोल्हापूरहून खडकाळ किनारा बघायला जाताना: आधी तिथी, मग गाडी

मॅडम, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही नववीच्या पंचवीस मुलांना घेऊन मागच्या डिसेंबरात रत्नागिरीला गेला होतात. पहाटे कोल्हापूर सोडलं, आंब्याला नाष्टा केला, अकराच्या सुमारास किनाऱ्यावर पोचलात. खडकांवर लाटा आपटत होत्या, पुस्तकात असतात तसले प्राणी कुठेच दिसले नाहीत. मुलांनी वाळूतले शंख-शिंपले गोळा केले, फोटो काढले आणि सगळे परत आले. यंदा पुन्हा जायचं आहे आणि तुम्ही विचारताय, जागा चुकली होती का?

जागा नाही, तिथी चुकली होती. तुम्ही दिलेली तारीख मी कॅलेंडरात पाहिली. त्याच्या आदल्या दिवशी पौर्णिमा होती. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास आपल्या किनाऱ्यावर भरती साधारण अकरा-बाराला येते. म्हणजे वर्षातल्या मोठ्या भरत्यांपैकी एक भरती ज्या तासाला शिगेला पोचते, नेमक्या त्याच तासाला तुमची बस थांबली. गंमत अशी की दिवस अगदी योग्य होता. त्याच सकाळी सहा-सात वाजता तोच खडक शंभरेक पावलं उघडा पडला असणार. तेव्हा तुमची गाडी मलकापूरच्या अलीकडे होती.

कोल्हापूरकरांचं हे नेहमीचं आहे. आपण रविवार बघून निघतो, समुद्र तिथी बघून चालतो. पंचगंगा आपल्याला समुद्राकडे पाठ करून पूर्वेला, थेट बंगालच्या उपसागराच्या वाटेला नेते, म्हणून असेल कदाचित. सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर असलेला पश्चिमेचा समुद्र आपल्या हिशेबात नसतो. पण पाणी वाचायचं कसं हे कोल्हापूरकराला शिकवावं लागत नाही. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आहे हे आपल्याकडे पान टपरीवरही सांगतात. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. मुलांनाही पाठ असतं. तिथूनच सुरुवात करा. ओहोटीच्या तक्त्यात ०.३ मीटर, १.१ मीटर असे आकडे असतात, तेही असेच एका ठरलेल्या शून्यापासून मोजलेले. त्यात तुम्हाला बघायची आहे ती ओहोटीची उंची. आकडा जितका लहान, तितका खडक जास्त उघडा. ०.५ च्या खाली मिळाली तर निर्धास्त जा. १ मीटरच्या आसपास असेल तर वरचा पट्टा तेवढा दिसेल. दिवसातून दोनदा ओहोटी येते, पण दोन्ही सारख्या नसतात. एक जास्त खोल जाते. दोन्ही आकडे बघा आणि उजेडातली त्यातल्या त्यात खोल निवडा.

तक्ता हाताशी नसला तर जुना हिशेब वापरा. तिथीला पाऊणाने गुणा, येईल तो भरतीचा तास. तृतीया असेल तर तीन गुणिले पाऊण म्हणजे सव्वादोन, आणि ओहोटी त्याच्या सहा तास मागे, सकाळी आठच्या सुमारास. हा हिशेब मुंबईकडे जास्त जुळतो. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, त्यामुळे रत्नागिरी-मालवणला ती मुंबईच्या आधी येते. मुंबईचा तक्ता बघून रत्नागिरीला गेलात तर पाऊण तास हातचा जाईल, आणि या कामात पाऊण तास फार असतो. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे जाते. शिवाय सगळ्यात मोठी भरती-ओहोटी नेमकी पौर्णिमेला किंवा अमावास्येला नसते, एक-दोन दिवस नंतर असते. याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास भांग असतो. तेव्हा पाणी ना नीट चढतं, ना नीट उतरतं.

म्हणून माझी शिफारस अशी: डिसेंबर ते फेब्रुवारी, प्रतिपदा ते तृतीया यातली सकाळ, आणि आदल्या दिवशी मुक्काम. मुक्कामाशिवाय हे जमणार नाही. ‘पहाटे तीनला निघू’ असं कुणीतरी म्हणेलच. अंधारात आंबा घाट, वर धुकं, आणि खाली उतरल्यावर मुलं झोपेने डुलणारी. तशी मुलं शेवाळलेल्या खडकावर चढवू नका. मुक्काम अगदीच शक्य नसेल तर अष्टमीचा दिवस धरा. ओहोटी दुपारच्या आसपास मिळेल, पाणी फार मागे जाणार नाही, पण वरचे दोन पट्टे आरामात बघून होतील. पहिल्या सहलीला तेही वाईट नाही.

सकाळच्या बाजूने आणखी एक कारण आहे. भूगोलात मुलांना मतलई वारे आणि खारे वारे शिकवता ना, ते इथे कामाला येतात. सकाळी वारा जमिनीकडून असतो, डबक्यांचं पाणी काचेसारखं. दहा-अकरानंतर खारा वारा सुटला की पाण्यावर सुरकुत्या पडतात आणि वीतभर खोलीचं डबकंही दिसेनासं होतं. शिवाय काळा खडक तापला की प्राणी फटीत शिरतात आणि मुलं टोप्या शोधायला लागतात.

किनाऱ्यावर पोचल्यावर थेट खाली उतरू नका. आधी पंधरा-वीस मिनिटं उंचावर उभे राहून फक्त बघा. मुलं कुरकुरतील, कुरकुरू द्या. खडकाची ओली रेघ कुठवर आहे? शेवटच्या पंधरा मिनिटांतली सर्वांत मोठी लाट कुठवर आली? लाटा एकसारख्या येत नाहीत. सात-आठ बारक्या येतात आणि मग तीन-चार दांडग्या. बारक्या बघून उतरलेला माणूस दांडग्यांत सापडतो. वारा पडलेला, आकाश निरभ्र आणि तरीही लांब अंतराच्या, जड लाटा येताना दिसल्या तर त्या दूरच्या वादळाच्या असतात. पार दक्षिणेच्या महासागरात उठलेल्या लाटाही आपल्या किनाऱ्यापर्यंत येतात. अशा दिवशी खडकाच्या टोकाला जायचं नाही, ओहोटीचा आकडा कितीही चांगला असो. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उंच लाटांचे इशारे देते. निघण्याच्या आदल्या रात्री ते बघायची सवय ठेवा. जून ते सप्टेंबर मात्र विषयच नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारीही बंद असते. ज्यांचं पोट समुद्रावर आहे ते उतरत नाहीत, तिथे आपण मुलांना उतरवू नये.

पाणी किती वेगाने चढतं याचा हिशेब मुलांकडून फळ्यावर करून घ्या. ओहोटी ०.३ आणि भरती २.४ धरली तर अंतर २.१ मीटर. हे सहा तासांत सारखं वाटलं जात नाही. बारा भाग करा: पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. म्हणजे पहिल्या तासात पाणी जेमतेम सात इंच चढतं, पण तिसऱ्या तासात पावणेदोन फूट. पंचगंगा रात्रीतून दोन फूट चढली तर शुक्रवार पेठेत कुणी झोपत नाही. इथे ते एका तासात होतं आणि आवाजही होत नाही.

हे मी अनुभवाने सांगतोय. नव्वदच्या दशकात, तीन-चार वर्षांच्या अनुभवावर स्वतःला जाणकार समजायला लागलो होतो तेव्हाची गोष्ट. रत्नागिरीच्या उत्तरेला एका खडकाच्या टोकाशी ऑक्टोपसच्या बिळापुढे बसलो होतो. बिळाबाहेर खेकड्यांच्या रिकाम्या कवचांचा ढीग होता, आणि असा ताजा ढीग म्हणजे आत मालक असण्याची दाट शक्यता. आत्ता बाहेर येईल, मग येईल असं करत तासभर गेला. समोरचं पाणी माझ्यापासून चांगलं चार हात लांब, त्यामुळे मी निवांत. मागून बायकांच्या हाका आल्या, ‘मागे बघा, मागे!’ कालवं काढून परत निघालेल्या बाया होत्या. मागे बघतो तर येताना जी घळ उडी मारून ओलांडली होती, तिच्यात मांडीइतकं पाणी, आणि ते आत ओढतंय. त्यांच्यातली एक घळीच्या पलीकडून काठी धरून उभी राहिली, तिला धरून आलो. दुर्बीण पाण्यात गेली, गुडघा कालवांवर सोलला आणि त्या बायांची बोलणी खाल्ली ती वेगळीच. तेव्हापासून एक नियम पाळतो: पाणी समोरून येत नाही, मागून भरतं. आत जाताना ज्या घळी ओलांडतो त्यातली सगळ्यात सखल कुठली ते बघून ठेवायचं, आणि तिच्याकडे तोंड करून एक मोठं माणूस बसवायचं. त्याने प्राणी बघायचे नाहीत, फक्त घळ बघायची.

वेळेचं गणित सोपं आहे. ओहोटीच्या दीड-दोन तास आधी उतरायचं, पाणी मागे जाईल तसं त्याच्या मागे जायचं, आणि तक्त्यातलं ओहोटीचं मिनिट गाठलं की परत फिरायचं. अजून पाणी उतरतंय असं दिसलं तरी. परतताना तेच पट्टे पुन्हा दिसतात आणि येताना सुटलेलं निम्मं तेव्हाच सापडतं.

आता दिसतं काय. पुराच्या पाण्याने पंचगंगा घाटावर आणि घरांच्या भिंतींवर जशा रेघा सोडलेल्या असतात, तशा रेघा इथे खडकावर असतात. फरक एवढाच की या जिवंत असतात. कोण किती तास पाण्याबाहेर राहू शकतो, त्यावर कोण कुठे राहणार ते ठरतं. सगळ्यात वर, जिथे नुसते तुषार पोचतात, तिथे मुगाच्या दाण्याएवढ्या गोगलगायी फटीत दाटीने बसलेल्या असतात. दार घट्ट लावून, खडकाला जेमतेम चिकटून, म्हणजे तापलेला दगड अंगाला लागत नाही. त्याखाली बार्नेकल, खडकाला आलेल्या पांढऱ्या खडबडीत पुळ्यांसारखे. मुलं त्यांना दगडच समजतात. इथे थांबा. भिंगातून बघितलं तर प्रत्येक पुळीच्या तोंडावर इवलीशी दारं दिसतात. बाटलीतून समुद्राचं पाणी हळूच ओता, किंवा डबक्याच्या काठाशी पाण्याखाली असलेले गाठा. अर्ध्या-एक मिनिटात दारं उघडतात, आतून पिसासारखा पंजा बाहेर येतो, पाणी ओंजळीत घेतल्यासारखं करतो आणि आत जातो. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. हे पाय आहेत. पिल्लू असताना हा प्राणी पाण्यात पोहतो, मग एक जागा पसंत करून डोकं खडकाला चिकटवतो आणि उरलेला जन्म शीर्षासनात पायाने घास तोंडात ढकलत काढतो. तो खेकडे-कोळंबीचा भाऊबंद आहे हे सांगितल्यावर एका मुलाने मला विचारलं होतं, ‘सर, मग ह्येला खाज सुटली तर?’ उत्तर माझ्याकडे आजही नाही.

त्याखालचा पट्टा कालवांचा. वस्तऱ्यासारख्या कडा. हात टेकायचा असेल तर आधी बघून टेका. याच पट्ट्यात चिनी टोपीसारख्या कवचाच्या गोगलगायी, म्हणजे लिंपेट दिसतील. त्यातल्या काही जाती भरतीच्या वेळी शेवाळ खरवडत हिंडतात आणि परत आपल्याच जागी येऊन बसतात; त्या जागी खडकावर त्यांच्या कडेच्या मापाची खूण पडलेली असते. पिळाच्या शंखातल्या गोगलगायीही असतात, त्यातल्या काही कालवाच्या कवचाला भोक पाडून आतलं खातात.

आणखी खाली, जिथे फक्त उधाणाच्या ओहोटीला पाणी हटतं, तिथे हिरव्या-तपकिरी बटणांचे गालिचे अंथरल्यासारखे दिसतात. ही झोअँथिड, समुद्रफुलांच्या नात्यातले, दाटीने एकत्र राहणारे प्राणी. दिसायला सुंदर, पण हात लावू नका आणि मुलांना आधीच बजावून ठेवा. त्यांच्यातल्या काही जातींत जबर विष असतं. तोच हात डोळ्याला लागला तर दवाखाना ठरलेला. समुद्रफुलं, स्पंज, समुद्री गोगलगायी, नशीब असेल तर ऑक्टोपस, सगळे याच पट्ट्यात. शंकूच्या आकाराचा नक्षीदार शंख जिवंत दिसला तर उचलायचा नाही. हा कोनस, तो विषारी डंख मारतो. समुद्रसाप खडकात अडकलेला किंवा जाळ्यातून टाकून दिलेला कधीतरी दिसतो. मेल्यासारखा वाटला तरी लांबूनच.

डबकी मात्र घाई करून बघायची नाहीत. एक डबकं निवडा, ताटाएवढं पुरे, आणि पाच मुलांना त्याभोवती बसवा. सावली पाण्यावर पडू द्यायची नाही, दहा मिनिटं बोलायचं नाही. पहिली दोन मिनिटं काहीच नसतं. मग एक शंख चालायला लागतो आणि कळतं की आत खेकडा आहे. मग वाळूचा एक तुकडा हलतो, तो मासा असतो. तळाशी पारदर्शक कोळंबी होती हे तिचे डोळे हलल्यावर समजतं. हा सराव कोल्हापुरातच करून जा. रंकाळ्याच्या काठाला एका दगडापाशी पंधरा मिनिटं बसवा. जे मूल रंकाळ्यावर बसू शकत नाही, ते रत्नागिरीलाही बसणार नाही, हा माझा अनुभव आहे.

दगड उलटण्याबद्दल. उलटा, पण एका गटाने एकच, आणि बघून झाल्यावर तसाच, त्याच बाजूने, हळू ठेवा. दगडाच्या खालच्या बाजूला अंडी, स्पंज, नाना जीव चिकटलेले असतात. ती बाजू उन्हात राहिली तर दुपारपर्यंत सगळं वाळून जातं.

शंख-शिंपले यंदा नकोत. एक तर रिकाम्या शंखांवर खेकड्यांची घरं अवलंबून असतात, आणि रिकामा समजून उचललेल्या शंखात बऱ्याचदा कुणीतरी असतंच. साखरप्याच्या पुढे बसमध्ये वास सुटला की कळतं. प्रवाळाचा तर तुकडाही खिशात घालू देऊ नका. कठीण प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. मालवणला गेलात तर हे आणखी लक्षात ठेवा. तिथलं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा भाग त्यातच येतो.

पायात काय घालायचं? जुने कॅनव्हासचे बूट, मोजे घालून. चप्पल नको, आणि आपलं कोल्हापुरी पायताण तर मुळीच नको. भिजल्यावर त्याचा साबण होतो. काळपट हिरवा बुळबुळीत थर दिसेल तिथे पाय टाकायचाच नाही. बार्नेकलवर पाय ठेवला तर पकड मिळते पण ते चिरडतात, म्हणून उघडा कोरडा खडक शोधत चाला. खरचटलं तर लगेच गोड्या पाण्याने आणि साबणाने धुवा. समुद्राच्या पाण्यातल्या जिवाणूंनी असल्या जखमा चिघळतात. लाली पसरायला लागली तर वाट बघू नका, डॉक्टर गाठा.

पक्ष्यांसाठी वेगळा वेळ काढू नका, ते आपोआप दिसतात. थंडीत कुरव आणि चिखल्ये असतात. पाण्याच्या कडेला राखाडी-काळा बगळा एकटाच शिकार करताना दिसला आणि गळ्याशी पांढरा डाग असला तर तो समुद्र बगळा. तो जिथे उभा आहे तिथे डबक्यात मासे आहेत, हे गृहीत धरून तो उडाल्यावर तिकडे जा.

नोंदीसाठी वहीच्या पानावर चारच गोष्टी: वेळ, पाण्याच्या रेघेपासून किती पावलं वर, खडक जांभा की काळा, आणि काय दिसलं. खडकाचा रकाना मुद्दाम ठेवलाय. पन्हाळ्यावर मुलांनी जांभा पाहिलाय, त्याखालचा काळा दगडही पाहिलाय. तीच जोडी इथे समुद्रात उतरलेली दिसते. जांभ्याच्या भोकाभोकांत सावली आणि ओल टिकते, गुळगुळीत काळ्या दगडावर नाही. दोन्हींवर एकाच उंचीला काय काय आहे ते मोजलं की मुलांचा स्वतःचा प्रकल्प झाला. मोजायला अर्ध्या मीटरची दोरीची चौकट पुरते. फोटोत शेजारी नाणं ठेवा.

जागेचं म्हणाल तर आरे-वारेच्या बाजूची खडकाळ टोकं किंवा रत्नदुर्गाच्या आसपासचा किनारा बघा. भाट्ये वाळूचा आहे, तिथे हे काही मिळणार नाही. पण आदल्या संध्याकाळी तुम्ही स्वतः एकदा उतरून वाट बघून या, आणि कालवं काढणारं कुणी भेटलं तर दोन शब्द बोला. कुठली घळ आधी भरते हे तक्त्यात लिहिलेलं नसतं, त्यांना माहीत असतं. दुपारी भरती चढली की मुलांना झाडगावच्या सागरी संशोधन केंद्राच्या मत्स्यालयात न्या. सकाळी जे अर्धवट दिसलं, ते तिथे काचेमागे पूर्ण दिसतं.

तारीख ठरली की त्या सकाळच्या ओहोटीची वेळ आणि उंची मला कळवा. आकडा ०.८ च्या वर असला तर मी आधीच सांगेन, यंदा मत्स्यालय आणि आंबा घाटातला नाष्टा एवढंच करून या.